सहा मसुद्यांचा सह्याद्री

केरळच्या इडुक्की जिल्ह्यात २०१४ च्या लोकसभा निवडणुकीआधी एका जिवंत माणसाची अंत्ययात्रा निघाली होती. तो माणूस म्हणजे तिथलेच खासदार, काँग्रेसचे पी. टी. थॉमस. त्यांनी लाच खाल्ली होती किंवा मतदारसंघाकडे पाठ फिरवली होती म्हणून लोक चिडले होते, असं नव्हतं. पश्चिम घाटाबद्दलचा एक अहवाल योग्य आहे, असं ते जाहीरपणे म्हणत होते आणि शब्द मागे घ्यायला तयार नव्हते. ज्या डोंगरांवर त्यांचे मतदार राहत होते तेच डोंगर राखा, असं त्या अहवालात लिहिलेलं होतं. पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. डाव्या आघाडीच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले अपक्ष जॉयस जॉर्ज पन्नास हजारांवर मतांनी निवडून आले. त्यांच्यामागे हाय रेंज संरक्षण समिती ही संघटना होती, आणि चर्चचं बळही होतं.

अहवाल एका पुणेकर शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली तयार झाला होता. माधव गाडगीळ पुण्यात वाढले, सह्याद्रीच्या डोंगरांत भटकत शिकले आणि त्या नात्यावरच त्यांनी पुढे ‘सह्याचला आणि मी’ हे आत्मचरित्र लिहिलं. मार्च २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी तज्ज्ञांची समिती नेमली आणि गाडगिळांना अध्यक्ष केलं. तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंतचा जवळजवळ १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा समितीने पाहिला. नकाशावर नऊ किलोमीटर बाय नऊ किलोमीटरचे सुमारे २,२०० चौकोन आखले, प्रत्येक चौकोनातला उतार, पाऊस, जंगल, दुर्मीळ जीवजाती यांचा हिशेब मांडला आणि संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या ठरवल्या. सर्वांत नाजूक पायरीवर नव्या खाणी नकोत, मोठी धरणं नकोत. घाटात कुठेही नवी थंड हवेची ठिकाणं वसवू नका, सार्वजनिक जमीन खासगी मालकीत देऊ नका. रासायनिक कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद करा.

ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल मंत्रालयात पोचला आणि तिथेच राहिला. केरळमधल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागितली, तीही मिळाली नाही. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगात गेलं. आयुक्त होते मुंबईचे शैलेश गांधी. अहवाल जाहीर करा, असा आदेश त्यांनी एप्रिल २०१२ मध्ये दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही निकाल विरोधात लागला, आणि मे २०१२ च्या अखेरीस अहवाल एकदाचा लोकांसमोर आला. म्हणजे जवळजवळ नऊ महिने अहवालाबद्दल नुसती कुजबुज होती, अहवाल कोणाच्या हातात नव्हता. पुढे जे घडलं त्याची बीजं या नऊ महिन्यांत आहेत.

कारण अफवांना याहून चांगली जमीन मिळत नाही. घरं रिकामी करावी लागणार, नवं बांधकाम करता येणार नाही, वेलचीची बाग काढून तिथे जंगल करणार, अशा गोष्टी डोंगरभर पसरल्या. दगडखाणींच्या मालकांना त्या हव्याच होत्या. पण खाणवाल्यांनी भडकवलं आणि भोळे लोक भडकले, एवढ्यावर हा विषय संपवणं इडुक्कीच्या शेतकऱ्यांवर अन्याय करण्यासारखं आहे. त्यांच्या भीतीला इतिहास होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्याचा तुटवडा पडला तेव्हा त्रावणकोर संस्थानाने सपाटीवरच्या शेतकऱ्यांना या डोंगरांत जाऊन शेती करायला उत्तेजन दिलं. कोट्टायमच्या बाजूची हजारो कुटुंबं वर चढली. त्यांनी हत्तींच्या आणि मलेरियाच्या मुलखात जंगल तोडून आधी भात आणि कंद लावले, मग मिरी, मग वेलची. जमिनीचे पट्टे मात्र अनेकांना मिळालेच नाहीत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर शेत कसणाऱ्याचं, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही. १९६१ मध्ये इडुक्की धरणाच्या प्रकल्पासाठी अय्यप्पनकोविलच्या शेतकऱ्यांना भर पावसात हुसकावून कुमळीजवळच्या अमरावतीत आणून टाकलं. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन तिथे उपोषणाला बसले, आणि कम्युनिस्टांचे कट्टर विरोधक असलेले फादर वडक्कन या कॅथलिक धर्मगुरूंनी त्यांच्या बाजूने उभं राहून सगळ्यांना चकित केलं.

२०१३ मध्ये चर्च आणि डावे पुन्हा एकाच बाजूला दिसले, तेव्हा इडुक्कीतल्या म्हाताऱ्या माणसांना ते नवल वाटलं नसेल. सरकार आधी वर पाठवतं, मग खाली ओढतं, हा अनुभव त्यांच्या घराण्यांत होता. दिल्लीतून नकाशा आला म्हणजे मागून पोलीस येणार, हे त्यांनी कोणत्याही अफवेवरून ताडलेलं नव्हतं.

हवामान बदलतंय यावर सामान्य माणसाचा विश्वास नाही, म्हणून असं घडतं, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. आकडे वेगळं सांगतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने सी-व्होटरबरोबर २०२१-२२ मध्ये भारतात एक मोठी पाहणी केली. निम्म्याहून अधिक लोक म्हणाले की जागतिक तापमानवाढीबद्दल आपल्याला फारसं माहीत नाही किंवा आपण ते ऐकलेलंही नाही. मग त्यांना दोन वाक्यांत अर्थ समजावून सांगितला, आणि हे घडतंय का असं विचारलं. ८४ टक्के लोक हो म्हणाले. शब्द परका असला तरी गोष्ट ओळखीची होती. पावसाने वेळ सोडली आहे, हे शेतकऱ्याला कोणत्याही परिषदेने सांगावं लागत नाही. तेव्हा अडचण पटण्याची नाही. उपाय म्हणून जे समोर येतं त्यात आपली जमीन कुठे आहे आणि ते ठरवताना आपल्याला कोणी विचारलं का, तिथे गाडी अडते.

गाडगीळ समितीला हे ठाऊक होतं, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चुटपुट लावणारी बाब आहे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ मध्येच संवेदनशील म्हणून जाहीर झाला होता. तिथे काय झालं, हे समितीने मुद्दाम पाहिलं. बड्यांची बांधकामं निघत होती आणि स्थानिक माणसाला साध्या कामाच्या परवानगीसाठी खेटे घालावे लागत होते, पैसे चारावे लागत होते, अशा तक्रारी अहवालात नोंदल्या आहेत. म्हणून समितीने सुचवलं की आमच्या या सीमारेषा कच्च्या समजा. अहवाल लोकांच्या भाषेत आणा, ग्रामसभांपुढे ठेवा, काय राखायचं आणि काय करायचं हे गावांना ठरवू द्या, मग पक्क्या रेषा आखा. पाचशेवर पानांच्या इंग्रजी दस्तऐवजातली ही सूचनाच सर्वांत आधी अमलात यायला हवी होती. ती कोणत्याही राज्याने मनावर घेतली नाही.

त्याऐवजी दुसरी समिती आली. ऑगस्ट २०१२ मध्ये इस्रोचे माजी अध्यक्ष के. कस्तुरीरंगन यांच्याकडे काम सोपवलं गेलं. त्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून माणसाने वापरात आणलेला घाट आणि नैसर्गिक घाट वेगळे केले आणि त्यांनी स्वतः धरलेल्या एकूण क्षेत्राच्या ३७ टक्के, म्हणजे सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर संवेदनशील धरावेत असं एप्रिल २०१३ मध्ये सुचवलं. शेती, बागा, वस्त्या बऱ्याच अंशी बाहेर राहिल्या. बंदी मुख्यतः खाणी, औष्णिक वीज, अतिप्रदूषक उद्योग आणि मोठ्या बांधकामांपुरती होती. विरोध निवळावा म्हणून केलेली ही काटछाट. स्थानिक लोकांना आर्थिक निर्णयांत स्थान देता येत नाही, अशा अर्थाचा सूर मात्र या नव्या अहवालात होता, आणि गाडगिळांनी कस्तुरीरंगन यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

विरोध निवळला नाहीच. नोव्हेंबर २०१३ मध्ये केंद्राने कस्तुरीरंगन अहवालाच्या आधारे निर्देश काढले आणि केरळ पेटलं. कोळिकोडच्या डोंगराळ भागात जाळपोळ झाली, वनखात्याचं कार्यालय जळालं, डाव्यांनी राज्यभर हरताळ पुकारला. सत्तेतल्या काँग्रेस आघाडीने आपली समिती नेमून केरळचं क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९३ चौरस किलोमीटरवर आणलं. संवेदनशील क्षेत्र जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचा पहिला मसुदा १० मार्च २०१४ रोजी निघाला तेव्हा लोकसभेची निवडणूक जाहीर झालेली होती. थॉमस यांचं तिकीट कापलं गेलं ते याच दिवसांत. ते पुढे कोचीजवळच्या थ्रिक्काकरातून दोनदा आमदार झाले आणि २०२१ मध्ये वारले. भूमिका त्यांनी शेवटपर्यंत बदलली नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये इडुक्कीतल्या चेरुतोणी धरणाचे दरवाजे २६ वर्षांनंतर उघडावे लागले. त्या वर्षी जूनपासून १९ ऑगस्टपर्यंत केरळात सरासरीपेक्षा ४२ टक्के जास्त पाऊस पडला. पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली. इडुक्कीत जागोजागी दरडी कोसळल्या आणि गाडगीळ अहवालाचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आलं. या वेळी शिव्या नव्हत्या. पुढच्या वर्षी ८ ऑगस्टला वायनाडमधल्या पुत्तुमलात आणि मलप्पुरममधल्या कवळप्पारात डोंगर खाली आला. २०२० च्या ऑगस्टमध्ये इडुक्कीतल्याच पेट्टिमुडीत चहामळ्यातल्या मजुरांच्या चाळींवर दरड पडली, त्यात ७० जण गेले.

डोंगर असा का सुटतो, हे समजून घ्यायला हवं. उतारावर खडकाच्या पाठीवर मातीचा थर बसलेला असतो. झाडांची खोल मुळं त्याला शिवून धरतात. पाऊस हळूहळू पडला तर पाणी मुरतं, झऱ्यांवाटे वाहून जातं. तेवढंच पाणी दोन दिवसांत ओतलं गेलं तर मातीच्या कणांमधल्या पोकळ्या भरून जातात, आतला दाब वाढतो, माती आणि खडक यांची पकड सुटते. त्यातच मोठी झाडं जाऊन चहासारखी आखूड मुळांची लागवड आलेली असेल, रस्त्यासाठी उताराचा पायथा कापलेला असेल, पाण्याच्या जुन्या वाटा बुजवल्या असतील तर डोंगराला निमित्तच पुरतं. यातला पहिला भाग, म्हणजे ओतणारा पाऊस, हवामानबदलाने वाढवला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात सर्वदूर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. तापत चाललेला अरबी समुद्र त्यांना वाफ पुरवतो. दुसरा भाग, म्हणजे कापलेला उतार, पूर्णपणे आपल्या हातातला आहे. गाडगीळ अहवालाचं लक्ष प्रामुख्याने त्याच्यावर होतं.

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमधली मुंडक्कै आणि चूरलमला ही गावं चिखलाखाली गेली. अडीचशेहून जास्त माणसं मेली. कित्येकांचे देह चालियार नदीतून वाहत खाली निलंबूरपर्यंत गेले. मराठी वाचकांना त्या दिवसांतलं एक छायाचित्र आठवत असेल. तुटलेल्या गावाला जोडणाऱ्या १९० फुटी बेली पुलावर उभ्या असलेल्या मेजर सीता शेळके, पारनेर तालुक्यातल्या. पुत्तुमला तिथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि हा सगळा परिसर ज्या वैत्तिरी तालुक्यात येतो तो गाडगीळ समितीने सर्वाधिक संवेदनशील गटात घातला होता. कल्पेट्टा इथलं ह्यूम सेंटर हे छोटं संशोधन केंद्र वायनाडभर शेतकऱ्यांच्या आणि स्वयंसेवकांच्या मदतीने पर्जन्यमापक चालवतं. गावागावांतले आकडे जुळवून त्यांनी आदल्याच दिवशी प्रशासनाला धोक्याचा इशारा दिला होता. पुढे हवामानशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हिशेब मांडला की त्या दिवसाचा पाऊस मानवनिर्मित तापमानवाढीमुळे सुमारे १० टक्क्यांनी अधिक तीव्र झाला होता.

तारीख पुन्हा वाचावी. बरोबर दहा वर्षांपूर्वी, ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं होतं. १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, चिपळूण बुडालं आणि महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी गेली. धोकादायक गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. दर वेळी मंत्र्यांचा दौरा झाला, मदत जाहीर झाली, पुनर्वसनाची घरं उभी राहिली. हे सगळं आवश्यक होतंच. पण डोंगराचा वापर कसा करायचा, हा विषय महाराष्ट्राच्या कोणत्याही निवडणुकीत निर्णायक ठरला नाही. कोयनेच्या बाजूला, कास पठाराच्या शेजारच्या मुलखात, २३५ गावांत ‘नवीन महाबळेश्वर’ वसवण्याची योजना रस्ते विकास महामंडळाने पुढे रेटली. घाटात नवी थंड हवेची ठिकाणं नकोत, हे गाडगीळ समितीचं स्पष्ट वाक्य होतं. जुन्या महाबळेश्वराचा अनुभव पदरी असताना दुसरं उभारण्याची घाई का, याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.

वायनाडच्या दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै २०२४ ला, केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा प्रसिद्ध केला. तो सहावा होता. २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४. मसुदा ठरावीक दिवसांत अंतिम झाला नाही की आपोआप रद्द होतो, आणि आधीच्या पाचही वेळी तेच झालं. बहुतेक राज्यांना काही ना काही वगळून हवं असतं. नव्या मसुद्यात ५६,८२५ चौरस किलोमीटर आहेत. कर्नाटकातले २० हजारांवर, महाराष्ट्रातले १७,३४०, गोव्यातले १,४६१. गोव्याने काही गावं काढून टाकण्याची मागणी केली. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये कस्तुरीरंगन अहवालच फेटाळला. त्या राज्यातल्या शिरूरला, अंकोल्याजवळ, जुलैमध्ये महामार्गावर दरड कोसळून माणसं नदीत वाहून गेली होती. त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. इथे कोणत्याही एका पक्षाकडे बोट दाखवता येत नाही. काँग्रेस, भाजप, डावे, सगळे कुठे ना कुठे सत्तेत होते आणि सगळ्यांनी डोंगरावरच्या मतांचा हिशेब सारख्याच पद्धतीने केला.

हा हिशेब मात्र अपुरा आहे, आणि ते दाखवणारी गावं महाराष्ट्रातच आहेत. सिंधुदुर्गात सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत, गोव्याच्या हद्दीला लागून, सुपारीच्या आणि काजूच्या बागांचा पट्टा आहे. राधानगरी आणि म्हादई या अभयारण्यांना जोडणारी जंगलाची वाट इथून जाते. इथल्या जमिनीखाली लोहखनिज आहे. कळण्याची खाण सुरू झाली तेव्हा आसपासच्या गावांनी धूळ पाहिली, बागायतीला मिळणारं झऱ्याचं पाणी आटताना पाहिलं. गाडगीळ समिती फिरत असताना या भागातल्या सुमारे २५ गावांच्या ग्रामसभांनी ठराव केले. आमचं गाव पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रात घ्या, ही मागणी गावांनी स्वतः केली होती. इडुक्कीत ज्या शब्दाची लोकांनी अंत्ययात्रा काढली, तोच शब्द या गावांना हवा होता. माणसं तशीच, डोंगर तसेच, जमिनीवरचं प्रेमही तेवढंच. फरक एवढाच की इथे गावाने आधी बैठक घेतली, खाणीचं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं आणि ठराव स्वतः लिहिला.

कस्तुरीरंगन समितीच्या नकाशातून दोडामार्ग तालुका बाहेर राहिला. स्वयंसेवी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०१३ मध्ये न्यायालयाने या पट्ट्यातल्या वृक्षतोडीला मनाई केली. मनाई कागदावर होती आणि तोड चालूच राहिली, अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. जुलै २०२१ मध्ये कळण्याच्या खाणीत साठलेलं पाणी बांध फोडून खाली आलं आणि घरांत, बागांत लाल चिखल भरला. अखेर मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने या २५ गावांना संवेदनशील जाहीर करण्याची कार्यवाही चार महिन्यांत पुरी करायला सांगितलं. ग्रामसभांच्या ठरावांवरची शाई तोवर एका तपाहून जुनी झाली होती.

सहाव्या मसुद्यावर हरकती आणि सूचना पाठवायला साठ दिवस दिलेले होते. मसुदा भारताच्या राजपत्रात छापला जातो, हिंदीत आणि इंग्रजीत. इडुक्कीतला वेलचीवाला मल्याळम वाचतो, दोडामार्गातला बागायतदार मराठी. कोकणात ते साठ दिवस भाताच्या बेणणीचे होते, आणि त्यातच चतुर्थी आली.